वाळवंटातली सौरवीज आणि बॅटरी: हिशेब रात्रीपासून मांडावा

प्रश्न असा आहे की, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन पडणाऱ्या आणि मोकळी जमीन मुबलक असलेल्या वाळवंटी प्रदेशात सौरप्रकल्प आणि बॅटऱ्या एकत्र उभारून चोवीस तास वीज का देता येऊ नये, आणि द्यायची ठरवली तर आराखड्याची सुरुवात कुठून करावी. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: देता येते. बॅटऱ्यांच्या किमती उतरल्यामुळे ही गोष्ट आता प्रयोगाच्या कक्षेतून व्यवहाराच्या कक्षेत आली आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र बहुतेकांना उलटे वाटते. नवखा अभियंता उन्हाचा नकाशा समोर घेऊन बसतो, इतक्या हेक्टरवर इतकी पॅनेले आणि त्यांतून इतकी वीज असे गणित करतो आणि उरलेल्या विजेसाठी शेवटी बॅटरी जोडतो. माझ्या मते हिशेब सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या मागणीपासून आणि ती वीज वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिनीपासून सुरू व्हायला हवा. वाळवंटात ऊन ही कधीच अडचण नसते. अडचण असते ती रात्र, उष्णता, धूळ आणि अंतर यांची.

एक ठोस उदाहरण घेऊ. अबू धाबीमध्ये जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पात ५.२ गिगावॅटची सौरपॅनेले आणि १९ गिगावॅट-तासांची (म्हणजे १.९ कोटी युनिटांची) बॅटरी असून त्यांतून अखंड मिळणार आहे १ गिगावॅट वीज. तो २०२७ मध्ये पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. पहिल्यांदा ऐकताना पाचपट पॅनेले ही उधळपट्टी वाटते, पण आकडेमोड करून पाहिली की शंका मिटते. १ गिगावॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.४ कोटी युनिट. त्या अक्षांशावर सूर्याच्या मागे फिरणाऱ्या चौकटींवर बसवलेले एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साडेपाच ते सहा युनिट देते, म्हणजे ५.२ गिगावॅटकडून साधारण २.९ ते ३.१ कोटी युनिट मिळतात. हिवाळ्यात दिवस लहान होतो आणि सूर्य खाली सरकतो, तेव्हा हाच आकडा मागणीच्या बराच जवळ येतो. उपयोगी ऊन हिवाळ्यात नऊ-साडेनऊ तास मिळते, त्यामुळे चौदा-पंधरा तास बॅटरीला खेचावे लागतात. म्हणजे १.४ ते १.५ कोटी युनिट एका रात्रीत बाहेर काढायचे. बॅटरीत घातलेल्या १०० युनिटांपैकी ८५ ते ८८ परत मिळतात, पूर्ण रिकामे होण्याआधी थोडा साठा राखावा लागतो आणि वर्षागणिक क्षमता झिजते. हे सगळे धरले की १९ गिगावॅट-तास हा आकडा ऐषाराम न वाटता जेमतेम पुरेसा वाटू लागतो.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी लक्षात याव्यात. एक म्हणजे पॅनेलांची संख्या सर्वांत वाईट महिन्यावरून ठरते, वर्षाच्या सरासरीवरून नव्हे. वार्षिक सरासरीवर बेतलेला प्रकल्प एप्रिल-मेमध्ये वीज फेकून देतो आणि डिसेंबरमध्ये पहाटे चारला बंद पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बॅटरीचा पैसा तिच्या फेऱ्यांमधून वसूल होतो. जी बॅटरी रोज एकदा भरते आणि रिकामी होते, ती वर्षाला तीनशेहून अधिक फेऱ्या मारते. पण सलग दोन दिवस धुळीचे वादळ राहिले तर उपयोगी पडावी म्हणून घेतलेली जादा बॅटरी वर्षाला दहा-पंधरा वेळाच कामी येते, आणि तिच्यातून निघणारे प्रत्येक युनिट वीस-तीसपट महाग पडते. वर्षातून दहा दिवस लागणाऱ्या मांडवासाठी पक्की इमारत बांधण्यासारखाच हा प्रकार आहे. म्हणून ९५ टक्क्यांपर्यंतचा पुरवठा सौर आणि बॅटरीतून घ्यावा, त्यापुढच्या टक्क्यांसाठी आधी जास्तीची पॅनेले लावून पाहावीत, आणि अगदी शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी वीजजाळ्याचा, पवनऊर्जेचा किंवा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जुन्या जनित्राचा आधार ठेवावा. शंभर टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्या निविदा मला नेहमीच संशयास्पद वाटतात, कारण त्यांतला शेवटचा टक्का कोणत्या दराने पडणार आहे हे निविदा काढणाऱ्याने बहुधा पाहिलेले नसते.

अर्थात सगळ्यांनाच चोवीस तासांची वीज लागते असे नाही. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातला एडवर्ड्स अँड सॅनबोर्न प्रकल्प ८७५ मेगावॅटच्या पॅनेलांना ३,२८७ मेगावॅट-तासांची बॅटरी जोडतो. तिथे उद्देश मुख्यतः सूर्य कलल्यावर चार-पाच तास टिकणारी मागणी भागवण्याचा आहे. उष्ण प्रदेशात भिंती आणि छपरे दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, त्यामुळे वातानुकूलनाचा भार सूर्यास्तानंतरही उतरत नाही आणि नेमक्या त्याच वेळी सौरवीज शून्यावर येते. हे संध्याकाळचे खिंडार बुजवणे हा बॅटरीचा सर्वांत किफायतशीर उपयोग आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ मधल्या एका संध्याकाळी काही काळ तर तिथल्या जाळ्यात वीज सोडणारा सर्वांत मोठा स्रोत बॅटऱ्या हाच होता. तेव्हा आपल्याला संध्याकाळ भागवायची आहे की अख्खी रात्र, हे आधी ठरवावे. पहिल्या कामाला जेवढी बॅटरी लागते, त्याच्या तीन-चारपट दुसऱ्याला लागते.

आता वाहिनीचा विचार करू. वाळवंट आणि शहरे यांच्यात शेकडो किलोमीटर असतात, आणि सौरप्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो तर उच्चदाब वाहिनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. या वेगातल्या फरकामुळे जगभर तीच गोष्ट घडते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जगातले सर्वाधिक तीव्र ऊन आहे, पण उत्तरेतली वीज राजधानीच्या बाजूला नेणारी वाहिनी अपुरी असल्यामुळे तिथे भर दुपारी घाऊक दर अनेकदा शून्यावर येतो आणि प्रकल्पांना उत्पादन थांबवावे लागते. उत्तरेतल्या किमालपासून सँतियागोजवळच्या लो आगिरेपर्यंत १,३०० किलोमीटरहून लांब अशी ३,००० मेगावॅटची वाहिनी हाती घेण्यात आली आहे, पण तोवर तिथल्या गुंतवणूकदारांनी बॅटऱ्या लावण्याचा सपाटा लावला. आपल्याकडे राजस्थानात भादला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान सुमारे १४,००० एकरांवर पसरले आहे, आणि त्याच्या आसपासच्या नव्या प्रकल्पांनाही वाहिन्या तयार नसल्यामुळे सक्तीच्या कपातीला तोंड द्यावे लागले आहे.

यावर बॅटरीचा एक फायदा असा की, ती वाहिनीचा वापर वाढवते. १,००० मेगावॅटच्या वाहिनीला १,००० मेगावॅटची पॅनेले जोडली तर ती वाहिनी वर्षभरात पंचवीस ते तीस टक्केच वापरली जाते; उरलेला वेळ तारा रिकाम्या लोंबत राहतात. त्याच वाहिनीला दुप्पट-तिप्पट पॅनेले आणि पुरेशी बॅटरी जोडली तर वापर साठ-सत्तर टक्क्यांवर जातो, आणि पारेषणाचा खर्च प्रत्येक युनिटामागे निम्म्याहून खाली येतो. म्हणूनच बॅटरी शहराजवळच्या उपकेंद्रात ठेवावी की वाळवंटातच, या वादात वाहिनी तोकडी असेल तर मी वाळवंटाच्या बाजूने कौल देतो, जरी उष्णतेचा विचार करता ती शहराजवळ ठेवणे सोपे असले तरी. आणि वाहिनीच्या मार्गाचा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो. राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोक पक्ष्याच्या अधिवासात उंचावरच्या तारा नकोत, त्या जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून मधला मार्ग सुचवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. मधल्या काळात अनेक प्रकल्पांचे वेळापत्रक कोलमडले. कागदावर पडीक दिसणारी जमीन प्रत्यक्षात कुणाचे तरी गायरान असते, ओरण (राजस्थानातली देवराई) असते, पाण्याचा वाहण्याचा मार्ग असतो. ही चौकशी पॅनेलांची ऑर्डर देण्यापूर्वी व्हायला हवी.

उष्णतेबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पॅनेलांना ऊन हवे असते, उष्णता नव्हे. पॅनेलावर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉनचे पॅनेल ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावते. बाहेर ४६ अंश असताना पॅनेलाचे तापमान ७० अंशांच्या पुढे जाते, म्हणजे चौदा ते अठरा टक्के क्षमता केवळ उष्णतेने जाते. म्हणून वाळवंटात पॅनेल निवडताना मी पहिल्यांदा त्याच्या कमाल क्षमतेकडे पाहत नाही, तापमान-गुणांकाकडे पाहतो. चौकटी जमिनीपासून थोड्या उंच घेतल्या, खालून वारा खेळता ठेवला तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पॅनेलांना इथे फायदाही मिळतो, कारण गवताळ जमीन अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण वीस टक्के परतवते तर फिकट वाळू तीस ते चाळीस टक्के परतवते.

पण स्ट्रिंगची, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या ओळीची, लांबी ठरवताना दुपार नाही, पहाट पाहावी लागते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वाळवंटात रात्री तापमान झपाट्याने उतरते, आणि पॅनेल थंड असले की त्याचे व्होल्टेज वाढते. समजा एका पॅनेलाचे ओपन सर्किट (भार न जोडता मोजलेले) व्होल्टेज २५ अंशांना ५२ व्होल्ट आहे आणि प्रत्येक अंशाच्या घसरणीला ते ०.२६ टक्क्यांनी वाढते. अशी २८ पॅनेले एका ओळीत जोडली तर २५ अंशांना १,४५६ व्होल्ट होतात, जे इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलांची एकदिश वीज जाळ्याच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणाऱ्या यंत्राच्या, १,५०० व्होल्टच्या मर्यादेत वाटतात. मात्र जानेवारीतल्या पहाटे शून्य अंशाला पहिले किरण पडले की तीच ओळ सुमारे १,५५० व्होल्टवर जाते आणि इन्व्हर्टर धोक्यात येतो. २७ पॅनेले घेतली तर १,४९५, जेमतेम बसतात. जिथे तापमान शून्याच्या खाली उतरते तिथे २६ च घ्यावीत. ४८ अंशांच्या प्रदेशात थंडीचा विचार करायला लावणारा हा हिशेब ऐकून लोक हसतात, पण त्याला पर्याय नाही.

धूळ हा विषय यापेक्षा मोठा आहे. धुळीच्या वाळवंटात स्वच्छतेविना दिवसाला साधारण अर्धा टक्का उत्पादन घटते, म्हणजे महिनाभर दुर्लक्ष केले तर दहा-पंधरा टक्के गेलेच, आणि एखादे वादळ एका संध्याकाळीच तेवढा फटका देऊन जाते. त्यातही कोरडी धूळ फारशी त्रासदायक नसते. त्रास देते ते पहाटेचे दव. रात्री काच आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थंड होते, तिच्यावर ओलावा जमतो, धुळीतले क्षार आणि चुना त्यात विरघळतात आणि सूर्य वर आला की त्यांचा पातळ, कडक लेप तयार होतो. बोटाने चोळला तर तो निघत नाही. नखाने खरवडावा लागतो. असा लेप दोन-तीन आठवडे साठला की कोरड्या ब्रशचा उपयोग होत नाही आणि पाणी आणावेच लागते. समुद्राजवळच्या वाळवंटात धुक्यातल्या मिठामुळे हे आणखी लवकर होते.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. एक मेगावॅटला आजच्या मोठ्या पॅनेलांपैकी सुमारे १,७०० लागतात; प्रत्येकी तीन-चार लिटर धरले तरी एका धुण्याला पाच ते सात हजार लिटर. १,००० मेगावॅटच्या प्रकल्पात महिन्यातून दोनदा धुवायचे म्हटले तर महिन्याला एक कोटी लिटरच्या वर पाणी लागते, तेही क्षारमुक्त. ज्या गावांत पिण्याचे पाणी टँकरने येते, त्यांच्या शेजारी हे करणे मला योग्य वाटत नाही, आणि परवडणारेही नाही. त्यामुळे मोठ्या वाळवंटी प्रकल्पांत ओळींवरून स्वतःच धावणारे पाण्याविना चालणारे ब्रश-यंत्रमानव आता जवळजवळ अनिवार्य झाले आहेत. त्यांची वेळ महत्त्वाची असते: सूर्यास्तानंतर लगेच, दव पडण्यापूर्वी. ओल्या काचेवर ब्रश फिरवला तर धुळीचा चिखल होऊन तो सर्वत्र सारखा पसरतो. ब्रशचे तंतूही मऊच असावेत, कारण रोजच्या घासण्याने काचेवरचा परावर्तनरोधक थर झिजला तर धूळ काढून मिळवलेले सगळे कायमचे हातातून जाते. फिरत्या चौकटी असतील तर रात्री पॅनेले आडवी न ठेवता तीव्र कोनात उभी ठेवावीत. धूळही कमी बसते, दवही कमी धरते, आणि यासाठी वेगळा खर्च नसतो, फक्त नियंत्रण-प्रणालीतली एक सूचना बदलावी लागते. मात्र वारा जोराचा असेल तेव्हा चौकटीच्या रचनेला जो सुरक्षित कोन असेल तोच घ्यावा. स्वच्छतेसाठी चौकटी मोडून चालणार नाही.

जमिनीखालच्या गोष्टींवर चर्चा कमी होते, पण बिघाड मात्र तिथेच जास्त दिसतात. केबल चरात पुरली की तिची उष्णता मातीतून बाहेर जावी लागते. ओलसर माती हे काम चांगले करते; कोरड्या वाळूचा उष्णतारोध तिच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि केबल तापली की भोवतालचा उरलासुरला ओलावाही निघून जाऊन तो रोध आणखी वाढतो. तक्त्यातली विद्युतप्रवाहाची क्षमता जशीच्या तशी धरून टाकलेली केबल त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात आवरण गमावते. बॅटरी जोडलेल्या प्रकल्पात तर हे अधिकच जपावे लागते, कारण नुसत्या सौरप्रकल्पात केबल रात्रभर थंड होते, आणि इथे तिला रात्रीही विश्रांती नसते. चरात योग्य भरणसामग्री घालावी, केबलींमध्ये अंतर वाढवावे, किंवा एक माप मोठी केबल घ्यावी. मातीचा उष्णतारोध मात्र जागेवर मोजावा, आणि तोही कोरड्या ऋतूत.

अर्थिंगचेही तसेच आहे. कोरड्या वाळूत विद्युतप्रवाह मुरतच नाही, त्यामुळे नेहमीच्या दोन-तीन सळया ठोकून भागत नाही. खोल विंधून, बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) घालून, जाळी पसरून अर्थिंग करावे लागते. खांब ठोकताना काही ठिकाणी वरच्या मीटरभर भुसभुशीत वाळूखाली चुनखडीचा दगडासारखा थर लागतो आणि खांब वाकतात. काही ठिकाणी खारट जमिनीत पोलाद पाच-सात वर्षांतच खाल्ले जाते. दोन्हींसाठी जागोजागी चाचणी-खांब ठोकून पाहणे हाच उपाय आहे. आणि पाऊस पडत नाही म्हणून पाण्याचा निचरा विसरू नये. वाळवंटात वर्षाचा पाऊस एका दुपारी पडू शकतो, कोरड्या ओढ्यांना तासाभरात लोंढा येतो आणि खांबांच्या मुळाची वाळू वाहून जाते. बॅटरीचे कंटेनर तर आसपासच्या जमिनीपेक्षा उंच ओट्यावरच असावेत. सरकत्या टेकड्यांपासूनही लांब राहावे. चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या वर्षाला दहा-वीस मीटर सहज सरकतात, आणि पंचवीस वर्षांच्या प्रकल्पासाठी हे अंतर किरकोळ नाही.

आता बॅटरीकडे येऊ. वीजजाळ्यासाठी आज बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या जातात. २०१० मध्ये लिथियम-आयन बॅटरीची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासाला हजार डॉलरहून अधिक होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरच्या आसपास आली. सध्याचा एक प्रचलित सेल ३१४ अँपिअर-तास आणि ३.२ व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक युनिट साठवणारा असतो. असे सुमारे ५,००० सेल वीस फुटी कंटेनरमध्ये बसवले की पाच मेगावॅट-तास होतात. वर उल्लेखिलेल्या १९ गिगावॅट-तासांसाठी असे जवळपास ३,८०० कंटेनर लागतील. या सेलना २० ते ३० अंशांच्या दरम्यान राहणे मानवते. तापमान दहा अंशांनी वाढले की झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा व्यवहारातला आडाखा आहे, आणि झीज केवळ वापराने होत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत नुसती उभी राहिली तरी ती म्हातारी होते.

त्यामुळे वाळवंटात बॅटरी विकत घेणे म्हणजे शीतकरण विकत घेणे, असे मी मानतो. पंख्याच्या हवेवर चालणारी रचना इथे टाळावी, कारण हवेबरोबर धूळ आत येते. सेलांच्या तळाशी द्रव खेळवणारी, बंद कंटेनरची रचना घ्यावी. तरीही बाहेरचे उष्णता-विनिमयक धुळीने चोंदतातच. जाळीवर बोटभर राखाडी थर साठला की आतले तापमान दोन-तीन अंशांनी चढते, प्रणाली स्वतःहून क्षमता उतरवते आणि नियंत्रण कक्षात कुणाला कारण कळत नाही. पॅनेलांच्या स्वच्छतेचे वेळापत्रक सगळे बनवतात, या जाळ्यांचे बनवत नाहीत. शिवाय शीतकरणाची वीज बॅटरीतूनच किंवा सौरउत्पादनातून जाते आणि ती सर्वाधिक लागते तीही नेमकी जून महिन्यात. निर्मात्याने दिलेला कार्यक्षमतेचा आकडा हा खर्च धरून आहे की सोडून, हे लेखी विचारावे. इन्व्हर्टरचीही हीच गत: बहुतेकांची पूर्ण क्षमता ४०-५० अंशांपर्यंतच टिकते, त्यापुढे ते स्वतःच उतरतात.

बॅटरीची क्षमता दरवर्षी थोडी घटणार हे गृहीत धरून दोन मार्ग असतात: पहिल्याच दिवशी वीस टक्के जादा घेणे, किंवा जागा, ओटे आणि जोडण्या तयार ठेवून काही वर्षांनी भर घालणे. किमती उतरत असताना दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, मात्र नव्या आणि जुन्या सेलांना एकाच इन्व्हर्टरवर नांदवता येत नाही, म्हणून भर घालण्याच्या विद्युत-रचनेचा नकाशा आधीच काढून ठेवावा लागतो.

आगीचा विषय टाळून चालणार नाही. ॲरिझोनातल्या सरप्राइज या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी दोन मेगावॅटच्या बॅटरीतला एक सेल बिघडला, उष्णता शेजारच्या सेलांत पसरली, आग विझवणारा वायू सुटला, पण ज्वलनशील वायू आत कोंडून राहिले. काही तासांनी दार उघडताच स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगची आग मोठी झाली, कारण तिथे हजारो बॅटऱ्या एकाच जुन्या इमारतीत होत्या. दोन्ही ठिकाणी रसायन आजच्या फॉस्फेट सेलांपेक्षा अधिक पेट घेणारे होते, तरीही धडा रचनेचा आहे. कंटेनर उघड्यावर आणि एकमेकांपासून सुटे असावेत, वायू ओळखून तो बाहेर टाकणारी व्यवस्था असावी, छताला दाब मोकळा करणारी फळी असावी, आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला दार कधी उघडायचे नाही हे आधी शिकवलेले असावे. वाळवंटात जमीन आहेच. दोन कंटेनरांमध्ये तीन मीटर सोडायला कंजुषी करण्याचे कारण नाही.

लिथियमखेरीज पर्याय आहेत, पण थोडक्यात सांगतो. सोडियम-सल्फर बॅटरी मुळातच ३०० अंशांच्या आसपास चालते, त्यामुळे बाहेरच्या ४८ अंशांचे तिला काही वाटत नाही. अबू धाबीत २०१९ मध्ये १०८ मेगावॅट आणि ६४८ मेगावॅट-तासांच्या अशा बॅटऱ्या बसवल्या गेल्या. आरशांनी ऊन एकवटून वितळलेल्या क्षारात उष्णता साठवणारे प्रकल्प कल्पना म्हणून देखणे आहेत, परंतु नेवाडातल्या ११० मेगावॅटच्या क्रेसेंट ड्यून्सची क्षारटाकी २०१६ मध्ये गळली आणि प्रकल्प सुमारे आठ महिने बंद राहिला. एकच टाकी, एकच मनोरा, एकच टर्बाइन असलेल्या रचनेत एक भाग गेला की सारेच थांबते. कंटेनर-बॅटरीत एक गेला तर उरलेले चालू राहतात. आज नवा प्रकल्प आखताना मी तिकडे वळणार नाही.

जिथे मोठे वीजजाळे नाही, किंवा जाळ्याच्या अगदी टोकाला प्रकल्प आहे, तिथे इन्व्हर्टर जाळ्याच्या मागे जाणारे न घेता स्वतः व्होल्टेज आणि वारंवारिता उभी करणारे घ्यावेत. सौदी अरेबियातला तांबड्या समुद्राजवळचा पर्यटन प्रकल्प सुमारे १.३ गिगावॅट-तासांच्या बॅटरीवर राष्ट्रीय जाळ्यापासून अलग चालतो. तिथे हे साधल्याशिवाय एक दिवाही लागला नसता.

शेवटी करारातली एक अट. प्रकल्प सुपूर्द होताना घेतली जाणारी क्षमता-चाचणी बहुधा वेळापत्रकाप्रमाणे हिवाळ्यात येते, आणि थंडीत बॅटरी आणि इन्व्हर्टरवर उष्णतेचा ताण नसल्यामुळे सगळेच प्रकल्प उत्तीर्ण होतात. चाचणी दोनदा घ्यावी: एकदा सुपूर्द होताना आणि एकदा पुढच्या सर्वांत उष्ण महिन्यात, सलग पाच दिवस, दुपारी पूर्ण भरून आणि रात्री ठरलेल्या तासांपर्यंत रिकामी करून, शीतकरणाचा खर्च वजा जाता जाळ्याच्या मीटरवर किती युनिट पोहोचले ते मोजून. अंतिम देयकाचा मोठा हिस्सा या दुसऱ्या चाचणीपर्यंत राखून ठेवावा. निविदा भरणाऱ्या कंपन्या यावर हरकत घेतील; त्यांची किंमत थोडी वाढेलही, पण त्या वाढीव किमतीत त्या आपण होऊन मोठी केबल, मोठा उष्णता-विनिमयक आणि दोन कंटेनर जास्तीचे देतील.